घर सतरा-तेवीस

लॉन्ड्रीवाल्यानं कोट दिला, बिल दिलं, आणि बिलाला पिन मारलेली एक एवढीशी प्लास्टिकची पिशवी दिली. "तुमचा दागिना राहिला होता खिशात," म्हणाला, "मशीनमध्ये गेला असता तर माझ्या ड्रमचे बारा वाजले असते." मी म्हटलं, "हळू बोला, दुसरीचा आहे. घरी कळलं तर पंचाईत." तो हसला, मागचं गिऱ्हाईक हसलं, मीपण हसलो आणि हसता हसता पिशवी उजेडाकडे धरली. आत पितळेची टोपी होती. करंगळीच्या पेराएवढी, मधोमध सुईसारखी काडी. मी सुटे पैसे न घेताच बाहेर आलो, तर त्यानं मागून हाक मारली, "अहो, दुसरीला राहू दे, हे तरी घ्या." परत जाऊन घेतले. सकाळचे नऊ वाजले होते, समोरच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि खालून एक झाडू आतबाहेर करत होता. तो झाडू मी बराच वेळ बघत उभा राहिलो. असा झाडू दिसला की एरवी मी त्याच्यापुढे एखादं नाणं टाकतो आणि आतून हात कधी बाहेर येतो ते बघतो. आज सुचलंच नाही.

कोट अकरा महिने कपाटात लटकत होता. काल बायकोनं काढला, कारण उद्या प्रयोगशाळेच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे आणि बाईंनी सगळ्यांना तंबी दिलीय, की वर्तमानपत्रवाले येणार आहेत, माणसासारखे कपडे घालून या. बाई म्हणजे आमच्या गटाच्या मुख्य. नऊ वर्षं त्या एकाच अणुकेंद्राच्या, म्हणजे अणूच्या एका दुर्मीळ गाभ्याच्या, मागे आहेत. मी त्यांच्याकडे बावीस वर्षं वायरी जोडतो. म्हणजे कागदावर माझं पद लांबलचक आहे, पण काम वायरींचं. यंत्राला कान असतात, त्या कानांतला मळ काढायचा, असं मी पोरांना सांगतो. उद्या अकरा वाजता बाई जगाला सांगणार, की ते अणुकेंद्र सापडलं, अकरा वेळा सापडलं, आणि त्याच मिनिटाला शोधपत्रिकेला पेपर पाठवला जाणार. अकरा वाजता अकरा, हे मीच सुचवलं होतं. आणि आता ही टोपी.

टोपीचं काय ते सांगायला हवं, नाहीतर वाटेल, पितळेला घाबरणारा हा कोण शहाणा. आम्ही जे शोधतो ते असं. अणूच्या पोटात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, ठरावीक बेतानं. पण दोन अणुकेंद्रं जोरात एकमेकांवर आपटली की बहुतेक कचरा होतो आणि अब्जांत एखादं असं निघतं, ज्याच्यात प्रोटॉन झेपतील त्यापेक्षा जास्त कोंबलेले असतात. ट्रंक गच्च भरायची, वर मेव्हण्याला बसवायचं, कडी लावायची, तरी एका कोपऱ्यातून मोजा बाहेर येतोच ना, तसं. ते अणुकेंद्र काही हजारांश सेकंद कसंबसं धरून बसतं आणि मग एक प्रोटॉन बाहेर फेकतं. तो प्रोटॉन जाताना किती जोर लावतो आणि अणुकेंद्र त्याआधी किती वेळ जगलं, एवढंच आम्हाला हवं असतं. तेवढ्यावरून बाईंसारखी माणसं आतलं घर कसं बांधलंय ते सांगतात. ते पकडायला एक सिलिकॉनची पाटी असते, पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढी. तिच्यावर चाळीस उभ्या पट्ट्या, चाळीस आडव्या. म्हणजे सोळाशे घरं. अणुकेंद्र उडत येतं, एका घरात रुततं, पहिला ठोका. त्याच घरात मरतं, दुसरा ठोका. एकाच घरात लागोपाठ दोन ठोके, याला आम्ही जोडी म्हणतो. बारा दिवस मशीन चालवलं, कोट्यवधी ठोके पडले, त्यातल्या अकरा जोड्या बाईंच्या.

आता पाटी नीट ऐकतेय का ते तपासायला आम्ही तिला मुद्दाम नकली ठोका देतो, डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतो तसा. तो द्यायला प्रत्येक पट्टीला एक तोंड असतं, आणि खरं मोजमाप चालू असताना त्या तोंडांवर टोप्या घालून ठेवायच्या असतात. हा माझाच नियम आहे. मीच भिंतीवर लिहून लावलाय, लाल अक्षरात.

आणि टोपी माझ्याच कोटात.

बसच्या थांब्याकडे न वळता मी चालतच निघालो. चालताना मला बरं सुचतं. माझ्या निम्म्या चेष्टा चालताना सुचल्यात. जिन्यापाशी एकदा परिपत्रक लावलं होतं, शिक्क्यासकट, की तिसऱ्या मजल्याची भारक्षमता संपत आल्यामुळे वर जाणाऱ्यांनी वजन करून नोंदवावं. शेजारी काटा ठेवला. दुपारपर्यंत चोवीस शास्त्रज्ञांनी वजनं लिहिली, त्यातल्या सहा जणांनी कमी लिहिली. कोणी आलं नाही म्हणायला, की ही कसली भानगड. पीएचडी झालेली माणसं. मी संध्याकाळी चहाच्या वेळी जाऊन सांगितलं. सांगायला मी नेहमी जातो. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला. बशीत चहा ओततो आणि विचारतो, "काय, काही विशेष?" माणसाचा चेहरा बदलताना बघायला मिळतो, त्यासाठी तर सगळा खटाटोप.

त्या प्रयोगाच्या चौथ्या दिवशी दुपारी पडद्यासमोर शंका बसली होती. शंका हे आम्ही ठेवलेलं नाव. पोरगी संशोधन करते आमच्याकडे, पाच वर्षं झाली, आणि प्रत्येक वाक्याला 'पण' लावते. "आज ऊन आहे," म्हटलं तर "पण इथे खिडकी नाही, तुम्हाला कसं कळलं," म्हणणारी. आमच्यात पद्धत आहे, की मोठ्या प्रयोगात प्रत्येक नव्या पोराला एकदा तरी फसवायचं. बाकीचे सगळे फसून झाले होते, ही पाच वर्षं हाती लागत नव्हती. म्हणून मी नेटानं काम केलं. एक लहानसा डबा बनवला, आत सेल, दोन वायरी. एक उभ्या सतराव्या पट्टीला, एक आडव्या तेविसाव्या. आधी एक मोठा ठोका, मग थोड्या हजारांश सेकंदांनी लहान ठोका, तेवढाच, जेवढा बाईंनी फळ्यावर अंदाज म्हणून लिहून ठेवला होता. तोही दर वेळी अगदी तेवढा नाही, जरा इकडेतिकडे, कारण खरी गोष्ट कधी तंतोतंत नसते. मध्ये मध्ये पाच-सहा तास गप्प. सांगतो तेव्हा अजूनही हात शिवशिवतात, इतकं सुबक काम होतं. दोन टोप्या काढल्या. एक मांडणीवर ठेवली, एक खिशात. वायरी लावल्या, बटण दाबलं आणि पडद्याच्या खोलीकडे निघालो, मजा बघायला. यंत्राच्या हॉलच्या दारातच होतो, तेवढ्यात फोन वाजला.

धाकट्याचा फोन होता. "दादा, बाबा गेले." मी म्हटलं, "छान. पण आवाज अजून थोडा रडका हवा," आणि फोन ठेवला. कारण महिनाभरापूर्वी मी त्याला आयकर खात्याचा साहेब बनून घाम फोडला होता आणि तो म्हणाला होता, "थांब, परतफेड करतो." त्यानं पुन्हा लावला, मी कापला. पुन्हा लावला, मी उचलून नुसत्या टाळ्या वाजवल्या. मग वीस मिनिटांनी त्याच्या बायकोचा आला. तिला चेष्टा जमत नाही. मी तसाच धावत निघालो, कोट अंगात, आणि कोटाच्या खिशात हे. बाबा दुपारचा चहा पिता पिता गेले होते, वीस मिनिटांनी त्यांना काही फरक पडला नाही. धाकट्याला पडला. वीस मिनिटं तो त्या खोलीत बाबांबरोबर एकटा होता, हातात फोन घेऊन, आणि फोनमध्ये मी टाळ्या वाजवत होतो. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. तो आता माझ्याशी सगळं नीट बोलतो, पोरांची परीक्षा, गाडीचा विमा. पण मी काहीही सांगितलं की एक क्षण थांबतो. पूर्वी थांबत नसे.

बाबा वीजकंपनीत मीटर तपासायचे. घरोघर जाऊन मीटर खरं बोलतो का ते बघायचं. मी दहा वर्षांचा असताना घरचं घड्याळ एक तास पुढे केलं. बाबा आंघोळ करून, डबा घेऊन, ऑफिसला गेले. संध्याकाळी आल्यावर मी सांगितलं, सांगता सांगता जमिनीवर लोळलो. आई ओरडली. बाबा ओरडले नाहीत. जेवून झाल्यावर हात पुसत म्हणाले, "कुलूप होतं रे. तासभर पायरीवर बसलो. वाटलं, आज सुटी असणार आणि आपण विसरलो. मग वाटलं, आपलं डोकं चालेनासं झालं. घड्याळाची शंका नाही आली मला." दिवसभर लोकांच्या मीटरवर शंका घेणारा माणूस. मला तेव्हा तेही विनोदीच वाटलं होतं. मी ते वर्गात नक्कल करून सांगितलं होतं, पायरीवर बसलेले बाबा.

दोन आठवड्यांनी मी कामावर परत आलो तेव्हा प्रयोग संपला होता, यंत्राची मांडणी सोडवली होती, आणि माझा डबा माझ्या खणात होता. सोडवणाऱ्यानं माझं नाव बघून ठेवला असणार. सेल मेला होता. मी डबा बघितला आणि मनात म्हटलं, जाताना बंद केला असणार आपण. तेव्हा मनात दुसरंच चाललं होतं. शंका भेटली, "काका, वाईट झालं," म्हणाली. बाई भेटल्या, पाठीवर हात ठेवला. चेष्टेचं कोणी काही बोललं नाही, तर मी कशाला बोलू. अर्धी राहिलेली चेष्टा विसरायला मला तरी वेळ लागला नाही. पण डबा काढताना मी टोपी घातली असती. हात आपोआप घालतो, बावीस वर्षांचा हात आहे. ती घातली नाही, म्हणजे डबा मी काढला नाही. म्हणजे तो चालत राहिला, सेल संपेपर्यंत. पाच-सहा तास गप्प, मग एक जोडी. पुन्हा गप्प.

प्रयोगशाळेच्या फाटकाशी येईपर्यंत मी तीन वेळा ठरवलं, की सांगायचं, आणि चार वेळा ठरवलं, की नाही सांगायचं. म्हणजे एकानं नाही पुढे होतं. कारणं चांगली होती. अकरांत माझे किती असतील, एखाददुसरा. नसेलही एकही. बाई तीन महिन्यांनी निवृत्त होणार. शंकाचा प्रबंध याच अकरांवर, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतली नोकरी प्रबंधावर. माझं काय, मला फार तर मेमो मिळेल, मेमोंची माझ्याकडे फाईल आहे. सांगून तीन माणसांचं नुकसान, न सांगून कोणाचंच नाही. ट्रंकेतला एक मोजा आपला असला तर असू दे. असं मी फाटकावरच्या रखवालदारासमोर मनात म्हणत होतो आणि तो विचारत होता, "साहेब, कोट कुणाचा पळवून आणला?" मी नुसतं ओळखपत्र पुढे केलं. तो पुढे वाकला. "बरं आहे ना?" रोज उत्तर देतो मी त्याला.

आत लहान खोलीत पेपरचं शेवटचं वाचन चाललं होतं. बाई टेबलाच्या टोकाला, चष्मा कपाळावर. शंका लॅपटॉपसमोर. आणि आमचा गणिती, जो यंत्राच्या जवळ कधी येत नाही, फक्त आकडे मागतो. गणिती आणि मी एकमेकांच्या जिभेवर जगतो. मी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बसलो नाही.

"बाई, एक सांगायचंय. अकरांतले काही माझे आहेत."

"वाटलंच," गणिती म्हणाला. "बाई, उरलेले माझे. आम्ही निम्मे निम्मे वाटून घेतले होते, एक जास्तीचा याला दिला, ज्येष्ठ म्हणून."

शंका हसली. बाईंनी मान वर न करता म्हटलं, "उद्या झाल्यावर काय करायची ती चेष्टा कर रे बाबा. हे पान संपू दे."

"चेष्टा नाही, बाई."

"आली का," गणिती म्हणाला. "हा याचा ठरलेला डाव आहे. वजनकाट्याच्या वेळीसुद्धा मला म्हणाला होता, चेष्टा नाही, वरून आदेश आहेत. मी बूट काढून उभा राहिलो होतो, बाई."

मी टोपी टेबलावर ठेवली. चौथ्या दिवशीची दुपार सांगितली, डबा, वायरी, फोन. सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो नेहमीचाच होता, गोष्ट रंगवणारा, नको तिथे थांबणारा. दुसरा आवाज माझ्याकडे नाही. बाबांचं सांगताना मी जरा अडखळलो, तर गणिती हसायचा थांबला खरा, पण त्याच्या डोळ्यांत 'एवढ्या थराला नको रे' असं होतं. बाई टोपी उलटीसुलटी करून बघत होत्या, खेळण्यातली असल्यासारखी. मला पहिल्यांदा भीती वाटली. इतका वेळ भीती होती ती, की मी सांगेन आणि ते चिडतील. मी सांगेन आणि ते मानणारच नाहीत, हे डोक्यात आलंच नव्हतं.

"घर सतरा-तेवीस," मी म्हटलं.

शंकाचं हसू आधी गेलं. कोणती जोडी कोणत्या घरात, ती यादी फक्त तिच्याकडे आणि बाईंकडे होती. मी वायरीवाला, मला ती कोणी दाखवली नव्हती, मी मागितलीही नव्हती. तिनं लॅपटॉपवर काहीतरी उघडलं, खालीवर केलं, आणि बाईंकडे वळवलं. बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तीन," बाई म्हणाल्या.

"तीन," शंका म्हणाली. "चौथ्या दिवशी दोन आणि पाचव्या दिवशी पहाटे एक. आपण म्हटलं होतं, की पाटीच्या त्या भागात जास्त अणुकेंद्रं पडतात, म्हणून योगायोग."

"मीच म्हटलं होतं ते," बाई म्हणाल्या.

गणितीनं माझ्यासाठी खुर्ची सरकवली. तो असं कधी करत नाही. मग शंका माझ्याकडे न बघता, लॅपटॉपशी बोलल्यासारखं म्हणाली, "पण तुम्ही आला नाहीत."

"कुठे?"

"सांगायला. मला पहिली जोडी दिसली ना, तेव्हाच मनात आलं, हे काकांचं काम. मी ओरडले नाही. म्हटलं, ओरडले की दारामागून बाहेर येतील. लॉगबुकात पेन्सिलीनं लिहिलं आणि गप्प बसले. म्हटलं, सकाळी चहाला येतीलच, बशीत चहा ओततील, विचारतील, काय, काही विशेष. मी उत्तरसुद्धा ठरवून ठेवलं होतं. तुम्ही आला नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी पेन्सिलीवरून पेन फिरवलं."

"अगं, बाबा..."

"माहीत आहे. आम्हाला आठवड्यानं कळलं. तोपर्यंत पेन फिरवून झालं होतं. काका, चेष्टा करून तुम्ही सांगायला आला नाहीत असं कधी झालंच नव्हतं. तुम्ही आला नाहीत, हाच मी पुरावा धरला."

मी पाच वर्षं या पोरीला फसवायला बघत होतो. फसली होती, आणि तिच्याइतका नीट विचार करून आजवर कोणी फसलं नव्हतं. एरवी अशा चेष्टेवर मी वर्ष काढलं असतं.

गणिती म्हणाला, "तीन गेले तर आठ राहतात. आठ वाईट नाहीत. अणुकेंद्राच्या आयुष्याचा आकडा थोडा हलेल, प्रोटॉनच्या जोराचा तोच राहील. संध्याकाळपर्यंत करून देतो. उद्या अकराला आठ सांगू." बाईंनी मान हलवली. सांगून टाकलं, तीन कमी झाले, कार्यक्रम राहिला, बरं झालं. मी खुर्चीवर टेकलोसुद्धा.

"पण टोपी," शंका म्हणाली.

"टोपीचं काय," गणिती म्हणाला.

"सेल मेला, पण डबा लागलेलाच होता. वायरी लोंबत होत्या. टोप्या नव्हत्या. चौथ्या दिवसापासून बाराव्यापर्यंत दोन तोंडं उघडी होती आणि त्यांना हातभर लांब वायर. तिच्यात बाहेरचा कुठलाही खडखडाट शिरू शकतो. पंपाचा, दिव्याचा. एका पट्टीतून शेजारच्या पट्टीत झिरपू शकतो. भिंतीवर काकांनीच लिहिलंय, टोपीशिवाय घेतलेलं मोजमाप धरू नये."

"झिरपत नाही एवढं," मी म्हटलं. "फार तर शेजारच्या एका पट्टीत. बाकीची घरं कुठे आहेत?"

"लांब आहेत."

"मग झालं तर."

"पण तुम्ही वायरी फक्त दोनच लावल्या होत्या?"

"दोनच."

"आणखी कुठे?"

"नाही."

"त्या आधीच्या दिवशी काही?"

"नाही गं."

"नंतर कोणाला सांगून काही करवून घेतलं?"

"नाही."

ती प्रत्येक 'नाही' लिहून घेत होती. लिहिताना दर वेळी माझ्याकडे बघत होती, क्षणभरच, आणि तो क्षण मला ओळखीचा होता. तो धाकट्याचा होता. मी म्हटलं, "हवं तर पाटी पुन्हा लावू, तशाच वायरी लोंबकळत ठेवू, बघू काय झिरपतंय." ती म्हणाली, "ती पाटी किरणांनी खराब झाली म्हणून टाकून दिलीय. पंप बदललेत. आणि वायर कशी लोंबत होती, कशाला टेकली होती, ते कोण सांगणार?" मी म्हटलं, "मी सांगतो." त्यावर तिनं काही लिहिलं नाही.

गणिती चिडला. "तू काय पोलीस आहेस का? माणूस आपणहून सांगायला आलाय. सांगितलं नसतं तर उद्या अकरा झाले असते."

"म्हणूनच," शंका म्हणाली.

बाई इतका वेळ पेनाच्या टोकानं टेबलावर लहान लहान चौकोन काढत होत्या, शाई न लागणारे. म्हणाल्या, "प्रबंध तुझा आहे, तू ठरव. मी सही करेन, आठ म्हणालीस तर आठ." नऊ वर्षं आणि तीन महिने त्यांनी त्या एका वाक्यात टेबलावर ठेवले आणि हात काढून घेतला. मला वाटलं, पोरगी रडेल. निदान 'पण' म्हणेल. तिनं यादीचा छापलेला कागद ओढला. चौथ्या दिवसाच्या दोन, पाचव्या पहाटेची एक, यांच्यावर रेघ मारली. मग खालच्या सातांवर एकच लांब तिरकी रेघ, वरपासून खालपर्यंत. दुसऱ्या दिवशीची एक जोडी तेवढी राहिली, डब्याच्या आधीची.

"एकावर घोषणा होत नाही," गणिती म्हणाला, कोणालाच उद्देशून नाही.

"नाही होत," बाई म्हणाल्या. फोन उचलला, हॉलच्या व्यवस्थेला सांगितलं, उद्याचं रद्द. पलीकडून काहीतरी विचारलं असणार. "कारण लेखी देते," म्हणाल्या. "नाही, मशीनची काही चूक नाही." फोन ठेवून त्यांनी खणातून मशीनचा वेळ मागायचा फॉर्म काढला. त्या फॉर्मला उत्तर यायला सव्वा वर्ष लागतं. "नाव तुझं घाल," शंकाला म्हणाल्या. "मी पाहुणी म्हणून येईन. पाहुण्यांना चहा तरी वेळेवर मिळतो." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू मला एक लिहून दे. बावीस वर्षांत यंत्रात काय काय केलंस, कधी कधी. वजनकाटा वगळ." रागावून नाही म्हणाल्या. एखादं हत्यार किती झिजलंय हे विचारावं तसं. मी हो म्हटलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मागितला नाही. मीच काढून ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवला, फॉर्म त्याच्यावर येत होता म्हणून.

शंकानं तो कागद माझ्यापुढे केला. "बघून घ्या काका. आता लपवायचं काय उरलंय."

मी पहिल्यांदा यादी वाचली. रेघेखालचे सात. घर पाच-एकतीस, जगला चार हजारांश सेकंद. घर तीस-आठ, एकोणीस. घर अकरा-अडतीस, दोन. घर चौतीस-तीन, बत्तीस. हा दमाचा निघाला. एक सतराच्या आसपाससुद्धा नाही, एक तेविसाच्या शेजारी नाही. माझी वायर त्यांच्या गल्लीतूनसुद्धा गेली नव्हती. हे मला माहीत आहे, जसं मला माझ्या घराचं कुलूप अंधारात उघडता येतं. दुसऱ्या दिवशीचा एक आणि हे सात एकाच वळणाचे होते. कोणीतरी आले होते, आठ वेळा, खरेखुरे, आणि आमच्या पाटीवर मेले होते, आणि ते मोजायला आम्ही जागे होतो. जगात हे नक्की माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो मी निघालो.

"हे सात खरे आहेत," मी म्हटलं.

शंका थोडी थांबली. "असतील, काका," ती म्हणाली, इतक्या हलक्या आवाजात, की आजाऱ्याला 'बरं वाटेल' म्हणतात तसं वाटलं. मग कागद माझ्या हातात तसाच ठेवून ती फॉर्मवर तारीख काय टाकायची ते बाईंना सांगायला गेली.